इन्व्हर्टरच्या दोन्ही बॅटऱ्या बदलल्या, सांगलीतल्या एका छोट्या दुकानाचा अनुभव

आमच्या आप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, रात्री झोपताना ऑक्सिजनचं मशीन लागतं. मिनिटाला पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर आहे, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करून देणारं, मागच्या स्टिकरवर ३५० वॉट लिहिलंय. लाईट गेली की ते लगेच ओरडायला लागतं, म्हणून आमच्या घरात इन्व्हर्टरची बॅटरी निकामी झाली की कुणालाच झोप येत नाही. हे आधी सांगते कारण मी पुढं बॅटरीबद्दल एवढं लांबलचक का लिहिलंय ते कळावं.

मे महिन्यात वळीव झाला त्या रात्री दोनच्या सुमाराला लाईट गेली. इन्व्हर्टरनं लोड घेतला, मशीन चालू राहिलं, मी परत आडवी झाले आणि जेमतेम वीस मिनिटांत इन्व्हर्टर टीं टीं करून बंदच पडला. नवरा कुपवाड एमआयडीसीत थर्ड शिफ्टला, घरात मी आणि पोरगा. पोरानं मोबाईलचा टॉर्च धरला आणि मी नळी काढून कोपऱ्यातल्या सिलिंडरला लावली, लावेपर्यंत हात नुसते थरथरत होते. आप्पा शांत होते, उलट मलाच म्हणत होते सावकाश कर, काय घाई नाही. ज्यांच्या घरात असं मशीन आहे त्यांनी इन्व्हर्टर कितीही चांगला असला तरी भरलेला सिलिंडर घरात ठेवाच.

आता हा इन्व्हर्टर आमच्याकडं कसा आणि कुठं बसवलेला ते सांगायला पाहिजे, कारण सगळी मेख तिथंच होती. आम्ही सांगलीच्या जुन्या गावभागात, नदीजवळ राहतो. २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, तिथं धोक्याची पातळीच ४५ फूट आहे, तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावर छातीएवढं पाणी होतं आणि जुना इन्व्हर्टर बॅटरीसकट बुडाला. २०२१ च्या जुलैत परत तीच धावपळ. त्यामुळं २०२२ च्या दिवाळीत नवीन घेतला तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की आता हे पार वर, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवायचं. १२ व्होल्टच्या १५० एएचच्या (एएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) दोन टॉल ट्यूबलर, म्हणजे उंच, पाणी टाकायच्या बॅटऱ्या, आणि २४ व्होल्टचा साईन वेव्ह, म्हणजे घरच्या लाईटसारखीच वीज देणारा इन्व्हर्टर. पुराचं पाणी तिथं येणार नाही हे अगदी खरं, पण बाकीचा विचार कुणीच केला नाही.

त्या रात्रीनंतर सकाळी पहिल्यांदा जवळच्याच एका दुकानातला माणूस बोलावला. त्यानं वर जाऊन मीटरच्या दोन पिना लावल्या, दोन मिनिटांत खाली आला आणि म्हणाला मॅडम इन्व्हर्टरचं कार्ड, म्हणजे आतला सर्किट बोर्ड गेलाय, बॅटऱ्या पण गेल्यात, सगळा सेट बदला, ४८ हजार होतील. एकाही बॅटरीचं झाकण उघडून बघितलं नव्हतं. ४८ हजार आमच्यासाठी मोठी रक्कम आहे, आणि पैशापेक्षा मला त्याच्या घाईची जास्त भीती वाटली, कारण जे बघितलंच नाही ते गेलंय हे कळलं कसं. त्याला म्हणलं विचार करून सांगते.

मग शेजारच्या वहिनींनी मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला एका मामांचं दुकान सांगितलं. दुकान म्हणजे एक शटर, बाहेर हळदीच्या पोत्यांच्या गाड्या लागलेल्या, आत एका भिंतीला बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या आणि ॲसिडचा वास. मामा साठीच्या आसपासचे, सोबत भाचा आणि एक पोरगं. मी सगळं सांगितलं तर त्यांनी किंमत वगैरे काय बोललेच नाहीत, पहिला प्रश्न विचारला, "ताई, बॅटरी ठेवलीय कुठं?" मी म्हणलं गच्चीवर पत्र्याखाली. ते भाच्याकडं बघून नुसते हं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी येतो म्हणाले, सकाळी दहाला म्हणून दुपारी दोनला आले, फोन पण उचलला नाही, हे एक मला आवडलं नाही. पण आले ते कामच करायला. वर गेल्यावर पहिल्यांदा दोन्ही बॅटऱ्यांच्या अंगाला उलटा हात लावला, आपण पोराचा ताप बघतो तसा. मला पण लावायला सांगितला. डावी नुसती कोमट आणि उजवी एका बाजूला चांगलीच गरम. पत्र्याखाली मुळात एवढं उकडत होतं की श्वास घेववत नव्हता, भिंतीवरचा जुना थर्मामीटर ४६ दाखवत होता, आणि खोलीत कुजक्या अंड्यासारखा वास. तो वास मला महिनाभर येत होता आणि मी समजत होते गच्चीवर उंदीर मेलाय. मामा म्हणाले हा बॅटरी जास्त चार्ज होऊन उकळल्याचा वास, असा वास आला की त्या दिवशीच बोलवायचं, थांबायचं नाही, आणि तिथं काडी पेटवायची नाही, कारण उकळत्या बॅटरीतून पेट घेणारा हायड्रोजन वायू पण निघतो.

मग त्यांनी पिशवीतनं हायड्रोमीटर काढला. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत एक छोटा तरंगता गोटा. बॅटरीच्या एकेका कप्प्याचं, म्हणजे सेलचं झाकण काढायचं, फुगा दाबून नळी आत घालायची, पाणी वर ओढायचं आणि गोटा किती वर तरंगतो ते बघायचं. ॲसिड जेवढं जड तेवढा गोटा वर, आणि गोटा जेवढा वर तेवढा सेल भरलेला. ट्यूबलर बॅटरी पूर्ण चार्ज असली की आकडा १.२४० च्या आसपास यायला पाहिजे, हे लोक त्याला बाराशे चाळीस म्हणतात. भाचा खडूनं फरशीवर आकडे लिहीत होता. डाव्या बॅटरीचे सहा सेल बाराशे दहा, बाराशे पाच, बाराशे असे सगळे एका ओळीत. उजवीचा पहिला अकराशे नव्वद, दुसरा अकराशे नव्वद, आणि तिसऱ्या सेलला गोटा उठलाच नाही, नळीच्या बुडाला जाऊन बसला. मामांनी पाणी परत सोडलं, परत ओढलं, गोटा तिथंच. नळीतलं पाणी पण तपकिरी, गढूळ. मग टॉर्च मारून मला वाकून बघायला सांगितलं, आत प्लेटा उघड्या पडलेल्या दिसत होत्या, पाणी त्यांच्या खाली गेलेलं.

त्यांनी जे समजावलं ते मी आमच्या भाषेत सांगते. एका सेलचे दोन व्होल्ट धरा, भरलेला असला की जरा वरच, सहा सेल मिळून १२ व्होल्टची बॅटरी, अशा दोन एकामागं एक जोडल्या की २४. आता त्यातला एक सेल मेला की ती बॅटरी साडेदहावर येते, दोन्ही मिळून २३ च्या जवळपास. इन्व्हर्टर बॅटऱ्या वाचवायला २१ ला स्वतःहून बंद होतो. म्हणजे लोड आला की व्होल्टेज थोडं खाली बसतंच आणि ते २१ वर यायला वेळ लागत नाही. बाकीच्या अकरा सेलांत दम असूनही उपयोग शून्य. आणि लाईट आल्यावर वेगळाच त्रास, चार्जर बिचारा बारा सेल आहेत समजून २८ व्होल्ट टाकतो, तो सगळा दाब अकरा सेलांवर येतो, ते उकळतात, पाणी उडतं, वास येतो. एक सेल गेला तो असा बाकीच्यांनाही घेऊन जातो. मला हे ऐकल्यावर पहिल्यांदा नीट कळलं की आमच्या बॅटऱ्या एका रात्रीत गेल्या नाहीत, दोन-तीन महिने जात होत्या आणि आम्हाला दिसत नव्हतं, कारण लाईट पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त गेलीच नव्हती.

आणि सेल गेला का, तर पत्रा. लेड ॲसिड बॅटरीला उकाडा सोसत नाही, साधारण दहा डिग्री तापमान वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. सावलीत गार जागी पाच वर्षं चालणारी जोडी आमच्याकडं साडेतीन वर्षांत बसली, वॉरंटी दिवाळीतच संपलेली. पाण्याला घाबरून आम्ही तिला विस्तवाजवळ नेऊन ठेवलं होतं. त्यात मी पाणी टाकत होते घरातल्या फिल्टरचं, आरओ आहे म्हणजे शुद्धच असं धरून. मामांनी सांगितलं आरओच्या पाण्यात पण क्षार राहतातच, प्यायला ते चांगलं, बॅटरीला विष. डिस्टिल वॉटरच पाहिजे. पाणी कमी झालं तर ॲसिड कधी घालायचं नाही, उडतं ते पाणी उडतं, ॲसिड आतच राहतं.

यानंतर मी विचारलंच, मामा, उजवी एकच बदला की, डावी चांगली आहे म्हणताय. खरं सांगते, मनात आलं की आता हे पण दोन खपवणार. ते म्हणाले, "एकच बसवतो की, मला कमी काम. पण एका जुवाला म्हातारा बैल नि नवा खोंड जुंपल्यावर काय होतंय ते शेतकऱ्याला विचारा." डावी पण साडेतीन वर्षं तापलेली, तिची ताकद आता कमी. सिरीजमध्ये, म्हणजे एकामागं एक जोडल्यावर, दोघींतून करंट तेवढाच जातो, जुनी लवकर रिकामी होणार आणि लवकर भरणार, म्हणजे चार्ज होताना एकतर जुनी उकळणार नाहीतर नवी अर्धवट राहणार, आणि वर्षभरात नवीन पण जुनी होणार. जोडी बदलायची तर एकाच कंपनीची, एकाच एएचची आणि जमेल तर एकाच लॉटची. हे मी नंतर पोराच्या कॉलेजातल्या इलेक्ट्रिकलच्या सरांना पण विचारून घेतलं, ते म्हणाले बरोबर आहे.

आणि ज्या इन्व्हर्टरचं कार्ड गेलं म्हणून आम्हाला सांगितलेलं, त्याला मामांनी दुकानातली चार्ज केलेली जुनी जोडी आणून लावली, चार्जिंगचं व्होल्टेज मोजलं, मेन बंद करून चेंजओव्हर, म्हणजे लोड लगेच बॅटरीवर जातो का ते बघितलं, मशीन जोडून बघितलं आणि म्हणाले याला काय झालं नाही, पंख्याची जाळी साफ केली की अजून चार वर्षं बघायचं नाही. तिथंच माझा विश्वास बसला. एका ठिकाणी जास्त खर्च सांगणाऱ्या माणसानं दुसऱ्या ठिकाणचा मोठा खर्च स्वतःहून वाचवला, आणि दोन्ही वेळेला मीटर माझ्यासमोर धरून.

ती जुनी जोडी त्यांनी तशीच आमच्याकडं ठेवली. नवीन माल दोन दिवसांनी येणार होता आणि घरात आप्पा आहेत हे त्यांना कळलं होतं. मी पैसे विचारले तर म्हणाले राहू दे, नवीन बसवायला येतो तेव्हा उचलून नेतो. दोन रात्री आम्ही त्याच जोडीवर काढल्या. ही गोष्ट मी विसरणार नाही.

नवीन बसवायच्या दिवशीचं काम अगदी बघण्यासारखं. एकेक बॅटरी पाणी भरून पन्नास किलोच्या वर, दोरी लावून तिघांनी आणली. जागा बदलली, गच्चीवर नाही आणि खाली पण नाही, माडीवर जिन्याच्या तोंडाशी उत्तरेची जाळीची खिडकी आहे तिथं. महापुराचं पाणी माडीला कधी लागलं नाही, ऊन येत नाही, वारा खेळतो. मला वाटलेलं इन्व्हर्टर गच्चीवरच राहू दे, नुसत्या बॅटऱ्या खाली घ्या, तर मामा म्हणाले बॅटरी ते इन्व्हर्टर ही वायर जाड आणि आखूडच पाहिजे, २४ व्होल्टवर करंट भरपूर जातो, लांब नेली की वायरीतच व्होल्टेज पडतं. इन्व्हर्टरपासून घरात जाणारी वायर कितीही फिरवा, ती २३० ची आहे.

काम चालू करायच्या आधी भाच्याला हातातलं कडं काढायला लावलं, पान्याला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि मला माझ्या बांगड्या नि मंगळसूत्र घेऊन लांब उभं केलं, कारण दोन टर्मिनलमध्ये धातू अडकला तर तो लालभडक व्हायला सेकंद लागतो. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. नवीन दोन्ही बॅटऱ्यांवर तारखेचा कोड मला वाचून दाखवला, दोन्ही एकाच महिन्याच्या, लावायच्या आधी मीटरवर १२.७ आणि १२.७. जुन्या वायरीच्या टोकांवर पांढरी-निळी बुरशीसारखी पावडर जमलेली, ते थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचे धातूचे तुकडे कापून टाकले, नवीन दाबून बसवले आणि वरून पेट्रोलियम जेली. जुन्या टर्मिनलची पावडर हातानं खरवडू नका, गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवायची, पण झाकणं घट्ट बंद करून, सोडा सेलमध्ये जाता कामा नये.

पूर्ण चार्ज व्हायला बारा-पंधरा तास लागतात म्हणून टेस्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केली. आप्पांचं मशीन, दोन पंखे, दोन ट्यूब, साधारण ४५० वॉट. मेन बंद केलं सात वाजता. मी दर अर्ध्या तासाला मीटर बघून वहीत लिहीत होते. सव्वाअकराला २३.५ व्होल्ट होतं आणि मशीन व्यवस्थित चालू, मग मीच मेन चालू केलं, उगाच पार रिकामी कशाला करायची. चार तास तर निवांत मिळतात. वीस मिनिटांवरून चार तास. आप्पा म्हणाले आता झोप बाई.

पैशाचं सांगते. जोडीचे ३०,५०० सांगितले, जुन्या दोन बॅटऱ्यांचे ७,००० वजा केले, थिंबल, वायर, जागा बदलायची मजुरी मिळून १,८०० वेगळे. म्हणजे २५,३००. पक्कं बिल, जीएसटीसकट, वॉरंटी कार्डावर शिक्का आणि दोन्ही सिरीयल नंबर. २२ सप्टेंबर २०२५ पासून या बॅटऱ्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळं कुणी जुन्या भावाचा कागद दाखवत असेल तर विचारा. जुनी बॅटरी देताना तिची किंमत बिलात लिहून घ्या आणि भंगारवाल्याला देऊ नका, दोनशे जास्त मिळतील पण तो ॲसिड गटारीत ओतून शिसं काढतो आणि आपल्याकडं गटारी शेवटी कुठं जातात ते सगळ्यांना माहिती आहे. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणं जुन्या बॅटऱ्या गोळा करून नोंदणी असलेल्या रिसायकलरकडं पोचवायची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे, म्हणून जुनी बॅटरी दुकानदाराकडंच द्या.

लिथियमचं पण विचारलं होतं. वजनाला हलकी, पाण्याची भानगड नाही, पण आमचा इन्व्हर्टर लेड ॲसिडच्या चार्जिंगचा आहे, त्याला लिथियमचं सेटिंगच नाही, म्हणजे इन्व्हर्टर पण बदलायला लागला असता. तो विषय तिथंच सोडला.

जाता जाता पोराच्या कॉम्प्युटरचा छोटा युपीएस पण त्यांनाच दाखवला. त्यात १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी असते, ती फुगून आत अशी अडकलेली की पत्रा वाकवून काढायला लागली. नवीन हजाराच्या आत-बाहेर मिळाली, पाच मिनिटांचं काम. या बॅटरीला पाणीबिणी काही नसतं, दोन-तीन वर्षांनी बदलायचीच. फुगलेली असेल तर तिला दाबायला, टोचायला जाऊ नका.

नाराजी दोनच. वेळ पाळत नाहीत, दोन्ही वेळेला तीन-चार तास उशीर, आणि फोन करून सांगत पण नाहीत, घरात आजारी माणूस असताना वाट बघणं जड जातं. दुसरं, माडीवरच्या भिंतीला वायर नेताना पट्टीत न घालता तशीच खिळ्यांना अडकवून गेले, ती आम्ही नंतर वायरमनकडून नीट करून घेतली. काम म्हणून विचाराल तर मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा वेळेसाठी कापते.

आता दर महिन्याच्या एक तारखेला मी स्वतः फ्लोट, म्हणजे सेलवरचा पाण्याची पातळी दाखवणारा तरंगता दांडा बघते, लाल दिसला की पाणी, आणि ते पण खुणेपर्यंतच, वर भरलं की चार्जिंगला ॲसिड बाहेर येतं. पाच लिटरचा डिस्टिल वॉटरचा कॅन जिन्यातच ठेवलाय. मामा तीन महिन्यांनी हायड्रोमीटर लावून बघायला येणार आहेत, त्याचे पैसे घेणार नाही म्हणालेत. दुकानाचं नाव इथं टाकलेलं चालेल का हे त्यांना विचारलं नाही म्हणून टाकत नाही. सांगली-मिरज-कुपवाडात कुणाला पाहिजे असेल तर मला सांगा, विचारून नंबर देते, पण सकाळी दहाला येतो म्हणाले तर दुपारचं जेवण करून घ्या.